चौथी पुडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, देवळात हात जोडूनसुद्धा नाही — तिथं मी दुसरंच काहीतरी मागून परत येतो. तुम्हाला का सांगतोय, तेही धड सांगता येणार नाही. तुम्ही दस्तगीरला ओळखत नाही, एवढं एक कारण असेल. नाहीतर — जाऊ दे, कारणं सांगायला लागलो की माझं नेहमी लांबतं.

आधी माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगून घेतो, कारण पुढं फारशा येणार नाहीत. काच ठेवावी तर दत्तूनं — असं गंगावेशीपासून बिंदू चौकापर्यंत फोटोच्या धंद्यातली माणसं म्हणायची. काच म्हणजे कॅमेऱ्याची लेन्स, आम्ही तिला काचच म्हणायचो. आमच्याकडं जूनमध्ये आभाळ भरून आलं की दसऱ्यापर्यंत हलत नाही. भिंतींना ओल सुटते, मिठाला पाणी सुटतं, आगपेटी पेटत नाही. कपाटात टाकलेल्या चपलेला आठ दिवसांत पांढरी लव येते, हे कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक. तरी भलेभले फोटोग्राफर आपली लेन्स चामड्याच्या पेटीत घालून, पेटी कपाटात टाकून निवांत असायचे. मग गणपतीला काढून बघितली की काचेवर साय. साय म्हणजे धुरकट पापुद्रा, तो पुसता तरी येतो. पण दोन काचांच्या मध्ये जाळं धरलं — बुरशीचं जाळं, कोळ्याच्या जाळ्यासारखं, कडेनं आत आत सरकत जाणारं — तर संपलं. ते काढलं तरी खालची काच खाल्लेली असते.

माझ्या हाताखाली एकाही काचेला कधी जाळं धरलं नाही. एक सोडून. त्याच एकीचं सांगायचंय.

माझी पद्धत साधी होती. चामडं काढायचं. कडक उन्हात वाळवलेल्या मलमलीच्या फडक्यात काच गुंडाळायची. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि झाकणाभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवायची. डब्यात सिलिकाच्या निळ्या खड्यांची एक पुडी. हे खडे हवेतली ओल पितात आणि पिऊन पिऊन गुलाबी होतात. गुलाबी झाले की त्यांचा उपयोग संपला — मग तव्यावर मंद आचेवर परतायचे, की पुन्हा निळे. डबे लाकडी कपाटात, आणि कपाटाच्या तळाशी चाळीसचा बल्ब चोवीस तास पेटता. रविवारी सकाळी ऊन पडलंच तर काचा तासभर उजेडाकडं तोंड करून मांडायच्या, कारण जाळ्याला उजेड सोसत नाही. लग्न असो, सण असो, अंगात ताप असो, मी रविवार चुकवला नाही. खडे परतायचं काम माझ्या बायकोचं, मालनचं. त्यासाठी तिनं एक वेगळा तवा ठेवला होता, आणि त्या तव्याला कुणी भाकरी लावलेली तिला खपायची नाही.

स्टुडिओ आण्णांचा. आण्णा म्हणजे आमचे मालक. मी आणि दस्तगीर दोघं एकाच साली त्यांच्याकडं कामाला लागलो. दस्तगीर निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातला, कोल्हापुरात खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहायचा. उंच, सडपातळ, सदा पानानं ओठ लाल. कामात अव्यवस्थित. निगेटिव्हच्या प्लेटा कुठं ठेवील, फडकी कुठं टाकील, नेम नाही. त्याचं टेबल मी आवरायचो. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू? त्याचं टेबल आवरताना मला माझी किंमत कळायची.

पण तो फोटो काढायचा ना — काय सांगू तुम्हाला.

तालमीतला पैलवान गदा घेऊन उभा राहिला की छाती फुगवतो, डोळे वटारतो. माझ्या फोटोत तो तसाच यायचा, फुगलेला. दस्तगीर काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून विचारायचा, "पैलवान, खरं सांगा, घरात कुणाला भिता?" पैलवान आधी बघत राहायचा, मग हसायचा, आणि ते हसू मावळता मावळता हा शटरचा रबरी फुगा दाबायचा. फोटोत आईला भिणारा एक दांडगा माणूस दिसायचा. पैलवान तो फोटो घरी नेऊन आईलाच दाखवायचे. स्थळांना दाखवायच्या पोरींचे फोटो तर विचारूच नका. उचगावच्या, गडमुडशिंगीच्या आया पोरींना घेऊन यायच्या आणि दारातच विचारायच्या, "त्यो मुसलमान हाय न्हवं आज?" दस्तगीरनं फोटो काढला की सोयरीक जुळते, अशी बोलवा झाली होती. मी म्हणायचो, मी काढतो की, बसा. तर म्हणायच्या, "न्हाय, आमी थांबतो की."

थांबायच्या. दोन-दोन तास बाकड्यावर बसायच्या, समोर मी रिकामा. आता सांगा, अशा वेळी माणसानं कुठं बघावं?

आणि माझे फोटो? स्वच्छ. नाकाची सावली नाकाच्या जागी, लुगड्याच्या काठाची वेल मोजून घ्यावी. फक्त माणूस तेवढा कचेरीत हजेरी द्यायला आल्यासारखा. मला ते दिसत होतं. न दिसणाऱ्याचं बरं असतं. मला बरोबर दिसायचं की त्याच्यात काय आहे आणि माझ्यात काय नाही, आणि ते शिकून येण्यासारखं नव्हतं.

पोटात दुखतं म्हणतात, ते नुसतं म्हणायला नाही. माझं खरोखर दुखायचं. मालन ओव्याचं पाणी द्यायची.

मालनचंच सांगतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एका दुपारी ती डबा घेऊन स्टुडिओत आली. मी डार्करूममध्ये होतो. बाहेर दस्तगीर म्हणाला, "वहिनी, बसा की जरा, उजेड झकास आलाय." ती नको नको म्हणत बसली असावी. संध्याकाळी त्या दिवसाच्या प्लेटा मीच धुतल्या, आणि ट्रेमधल्या कागदावर मालनचा चेहरा वर आला. गैरसमज करून घेऊ नका, वावगं काही नव्हतं, तो तिला बहिणीसारखा वागवायचा. पण त्या फोटोत ती कशावर तरी गालातल्या गालात हसत होती, एक भुवई किंचित वर, जणू आपल्याला एक गंमत माहीत आहे आणि ती आपण सांगणार नाही. दोन वर्षांत तो चेहरा मला दिसला नव्हता. त्याला एका दुपारी दिसला. मी पुढं कितीतरी वेळा तिचे फोटो काढले, तशीच बसवून, त्याच खिडकीपाशी. रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी येते. अजूनही आमच्या घरात भिंतीवर आहे तो दस्तगीरचाच.

तो आण्णांच्या जुन्या जर्मन लेन्सनं काढलेला. पितळी नळीची, मुठीएवढी, जड. तिच्यातून काढलेल्या चेहऱ्याला एक मऊपणा यायचा, तरी डोळे लख्ख. आण्णांनी ती कुणाकडून आणि कधी घेतली, हे ते कधी सांगायचे नाहीत. तिला ठेवायचा मी. आठ वर्षं मी तिला जपली. तिच्या पितळेवर कुठं कुठं ओरखडा आहे, मी डोळे मिटून सांगितलं असतं.

मग आण्णांची नजर गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापायला लागलेले. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. स्टुडिओच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. म्हणाले, आजपासून दुकान तू बघायचं. माझा ऊर भरून आला, नाही कशाला म्हणू? मग त्यांनी जर्मन लेन्स उचलली, चाचपून बघितली, आणि दस्तगीरच्या हातात ठेवली.

"ही तुझी," म्हणाले. आणि माझ्याकडं वळून, अगदी मायेनं — "दत्तू, तू सांभाळणारा हाईस. ह्यो बगणारा हाय. तुला राग न्हाय न्हवं?"

"छे छे आण्णा," मी म्हणालो.

सगळे मला नशीबवान म्हणाले. अख्खं दुकान मिळालं आणि दस्तगीरला काय, एक जुनी काच. माझी आई तर पेढे वाटून आली. मला ते पेढे गिळवले नाहीत. दुकान काय, कुणालाही सांभाळता येतं. सांभाळणारा म्हणजे काय — राखण्या? मी स्वतःशी ते वाक्य किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. तू सांभाळणारा, हा बघणारा. सायकलवर म्हणायचो. जेवताना म्हणायचो.

दस्तगीरनं पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. दिवाळीत जयसिंगपूरला स्वतःचा स्टुडिओ टाकायचा. स्टँडजवळ गाळा बघून ठेवला, बोर्डसुद्धा रंगवून घेतला, कॅमेऱ्याची लाकडी पेटी एका म्हाताऱ्याकडून मिळणार होती. काच तेवढी हवी होती, ती तर हातात होतीच. त्याच्या सगळ्या बेताचा जीव त्या एका काचेत होता. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, की मला माहीत होतं.

आणि जूनच्या तोंडाला गावाकडनं निरोप आला. त्याचे वडील बैलगाडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. तंबाखूची लागण तोंडावर आलेली, घरात दुसरा गडी नाही. जाणं भाग होतं. जायच्या दिवशी तो स्टुडिओत आला, लेन्स फडक्यात गुंडाळलेली. "आमचं घर गळतंय पावसात," म्हणाला. "तिकडं न्हेऊन पाण्यात घालवू व्हय हिला? दसऱ्यापतोर तू ठिव. तुझ्याकडं ठिवली की मला घोर न्हाय."

चामडं काढून मलमलीत गुंडाळ, हे त्याला आदल्या दिवशी मीच सांगितलं होतं. त्यानं ऐकलं होतं. मी त्याच्यासमोर ती डब्यात ठेवली, पुडी ठेवली, ट्यूबची पट्टी बसवली. माझ्या खांद्यावर थाप मारून तो एसटी गाठायला पळाला.

इथपर्यंत मी काही केलेलं नाही. खरंच सांगतो. इथपर्यंत मी फक्त जळत होतो, आणि जळायला काय, सगळेच जळतात.

मग मी डबा कपाटात ठेवायला गेलो. कपाटात आमच्या तीन लेन्सचे तीन डबे होते. चौथ्याला जागा नव्हती, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. जागा होती. जुन्या पावतीपुस्तकांचा एक गठ्ठा उचलला असता की झालं. मी तो डबा डार्करूमच्या भिंतीतल्या फडताळात ठेवला. त्या भिंतीच्या पलीकडं मोरी, प्लेटा धुवायचं पाणी दिवसभर तिथं वाहायचं. त्या भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. आज राहू दे, उद्या हलवू — असं म्हणालो. उद्या हलवला नाही.

पहिल्या रविवारी मी तीन डब्यांच्या तीन पुड्या घरी नेल्या. मालननं परतून दिल्या. दुसऱ्या रविवारीही तीनच. त्या वेळी तिनं तव्यावरून मान न उचलता विचारलं, "तीनच? दस्तगीरभावजींची चौथी कुटं हाय?"

"तिला लागत न्हाय."

"का?"

"न्हाय लागत म्हटलं की."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि खडे हलवत राहिली. पुन्हा विचारलं नाही. पण पुढच्या प्रत्येक रविवारी, परतलेले खडे बांधायला ती कापडाचे चार तुकडे मांडायची. तीन भरायची. चौथा घडी करून परत चिंध्यांच्या डब्यात टाकायची. माझ्यादेखत. तिला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, मी कधी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं?

त्या साली पाऊस फार. पंचगंगेचं पाणी वर वर येत होतं, महिनाभर ऊन म्हणून दिसलं नाही. मी फडताळाकडं बघायचं टाळत होतो, म्हणजे दिवसातून दहा वेळा बघत होतो. श्रावणात एका रविवारी सकाळी अचानक लख्ख ऊन पडलं. तिन्ही काचा उन्हात मांडल्या. आणि मग — काय वाटलं कुणास ठाऊक, चौथा डबाही काढला. ट्यूबची पट्टी सोडली. झाकण उघडल्याबरोबर वास आला, ओल्या पोत्याचा. पुडीतले खडे गुलाबीसुद्धा राहिले नव्हते, पांढुरके पडले होते. मी काच खिडकीशी नेऊन उजेडाकडं धरली.

कडेला एक धागा होता. एकच. केसाएवढा, आत निघालेला. नुकतीच सुरुवात.

आता ऐका. आजवर गुंडाळून ठेवलंय ते हेच. त्या दिवशी काही बिघडलेलं नव्हतं. पुढची काच फिरवून काढायची, स्पिरिटच्या बोळ्यानं तो धागा टिपायचा, दोन दिवस उन्हात ठेवायची — माझ्याइतकं हे कोल्हापुरात कुणाला येत होतं? अर्ध्या तासाचं काम. ऊनही होतं, स्पिरिटही होतं, हातही माझेच होते. मी तो धागा बघत उभा राहिलो, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी पोटातलं दुखणं थांबलं. मी काच परत फडक्यात गुंडाळली. तीच मेलेली पुडी आत ठेवली. झाकण लावलं, पट्टी नीट ताणून बसवली — ती मात्र नीट बसवली — आणि डबा फडताळात ठेवून दिला.

रागाच्या भरात माणूस काच आपटून फोडतो, ते मी समजू शकतो. माझं तसं नव्हतं. त्या रविवारनंतर दसऱ्यापर्यंत नऊ-दहा रविवार आले, आणि दर रविवारी मी ते नव्यानं केलं.

दसऱ्याच्या आधी चार दिवस दस्तगीर आला. उन्हानं रापलेला, हाताला तंबाखूचा चीक. येताना माझ्यासाठी गावाकडची गुळाची ढेप घेऊन आला होता, कोल्हापुरात गूळ आणणारा तो एकटाच. काउंटरवर ढेप ठेवली आणि म्हणाला, "दे माझी बया." मी डबा दिला. त्यानं पट्टी सोडली, फडकं उलगडलं आणि काच दाराच्या उजेडाकडं धरली. हळूहळू फिरवून सगळीकडनं बघितली. मला त्याची पाठ दिसत होती.

"जाळं आलंया," म्हणाला. रागावून नाही. कुणी आजारी असल्याचं सांगावं तसं.

त्यानं मला काहीच विचारलं नव्हतं. मी विचारायची वाटसुद्धा बघितली नाही. म्हणालो, "तुझं फडकं वलं हुतं दस्तगीर. मी दर रविवारी खडं बदललं, पर वल आतच हुती, काचंला लागून."

थोडंफार कळणारा माणूस तिथं असता तर हसला असता. दर आठवड्याला खडे बदलले तर फडक्याची ओल आठ दिवसांत निघून जाते. पण दस्तगीरला त्यातलं कळत नव्हतं, ते खातं माझं होतं. त्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, "खालानं सकाळी धुतलं हुतं ते. मी वाळलं म्हणून घेतलं. घाईत हुतो रं." आणि मग माझी समजूत काढायला लागला. माझी. "तू वाईट वाटून घिऊ नगंस दत्तू. तू एवढं जपलंस, मीच घाण करून दिली हुती."

मी मान खाली घातली. त्याला वाटलं मला वाईट वाटतंय.

मग तो म्हणाला, आण्णांना सांगाय पायजे. मी म्हणालो, कशाला, म्हातारा खचेल. तर म्हणाला, न्हाय, त्यांची वस्तू हाय. आम्ही दोघं आण्णांच्या घरी गेलो. आण्णा अंथरुणाला खिळलेले. दस्तगीर त्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आण्णा, काच माझ्या हातनं गेली. वल्या फडक्यात बांधली मी."

आण्णांनी लेन्स हातात घेतली, खिडकीकडं धरली. त्यांना काय दिसणार? त्यांच्याच डोळ्यांत जाळं. त्यांनी मला विचारलं, "दत्तू, तू सांग. लई हाय?"

"व्हय आण्णा. मधल्या काचा खाल्ल्यात."

ते बराच वेळ पितळेवरून बोटं फिरवत राहिले. मग दस्तगीरकडं नव्हे, मला म्हणाले, "तुझ्याकडंच द्याय पायजे हुती रं. माझंच चुकलं."

आणि दस्तगीर खाली बघून म्हणाला, "व्हय आण्णा. दत्तूकडंच द्याय पायजे हुती."

हेच वाक्य मला हवं होतं ना? वर्षभर हेच ऐकायला मी तडफडत होतो. आण्णांच्या तोंडून मिळालं, वर दस्तगीरच्याही. मी तिथंच उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. आण्णा जिवंत होते, दस्तगीर समोर होता, काच अजून ऊबदार होती हाताहातांतून. मी म्हणालो, "असू दे आण्णा, झालं ते झालं." संक्रांतीच्या आत आण्णा गेले. जाताना त्यांच्या मनात दस्तगीर निष्काळजी होता आणि मी भरवशाचा.

तसली दुसरी काच दस्तगीरला कुठून मिळणार? मिरजेला एकाकडं साफ करायला नेली, त्यानं जाळं काढलं, पण खाल्लेल्या काचेतून डोळेच मेलेले दिसायला लागले. जयसिंगपूरचा गाळा त्यानं सोडला नाही. त्याच बोर्डाची मागची बाजू रंगवून घेतली आणि फोटोला फ्रेमा करून द्यायचं दुकान टाकलं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंवर काचा बसवतो. पुढं हलके कॅमेरे स्वस्त झाले, रंगीत फोटो आले, तरी त्यानं पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. का, असं मी एकदा विचारलं — विचारायची हिंमत कशी झाली, मलाच नवल वाटतं. म्हणाला, "आपल्याच्यानं सांभाळणं हुईत न्हाय गड्या. ते तुझं काम."

आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अजून सांगतो — काच ठेवायची तर कोल्हापूरला माझ्या दोस्ताकडं ठेवा. सांगली, मिरज, इचलकरंजीपर्यंतची माणसं पावसाळ्याआधी माझ्याकडं लेन्स घेऊन येतात. "जयसिंगपूरच्या फ्रेमवाल्यांनी पाठवलंय," म्हणतात. मी ठेवून घेतो.

यंदा मृगाच्या आधी तो स्वतः आला. दाढी पांढरी झालीय, पान सुटलेलं नाही. त्याच्या जावयानं सौदीवरून एक भारी कॅमेरा आणलाय, पावसाळ्यात तो घरी ठेवायची त्याला भीती वाटते. एसटीनं, मांडीवर पिशवी धरून आला होता. मालननं चहा टाकला. मी डबा काढला, मालननं परतलेले निळे खडे दिले, मी कॅमेऱ्याला हात घातला तर म्हणाला, "थांब." पिशवीतून मलमलीचं फडकं काढलं आणि बाहेर जाऊन माझ्या पायरीवर उन्हात पसरलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. घरनं निघताना दोन दिवस वाळवलं होतं म्हणे, तरी पुन्हा. चहा पिता पिता दोनदा उठला आणि उलटवून आला. मालन दारात उभी राहून बघत होती. नंतर आत गेली.

तासाभरानं त्यानं फडकं उचललं, आधी स्वतःच्या गालाला लावलं, मग माझ्यापुढं धरलं.

"बग बाबा, तूच हात लावून बग. पुन्ना माझ्याकडनं तसं नगं."

मी हात लावला.

"कोरडं हाय," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

मग त्यानं कॅमेरा गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि पाचची एसटी गाठायला गेला. डबा लाकडी कपाटात ठेवलाय, बल्बच्या वरच्या फळीवर.

त्या साली त्यानं लेन्स दिली, तेव्हाही डबा बंद करण्याआधी मी फडक्याला हात लावून बघितलं होतं. माझी ती सवयच आहे. तेही कोरडंच होतं.